एकरी आठ क्विंटल, पण कोणाचे?

यवतमाळकडच्या कोरडवाहू पट्ट्यात पराटीचा (कपाशीचा) उतारा विचारला की सहसा सरासरीच सांगितली जाते. समजा, पाच वावरांत कपाशी सपाट लावली आणि पाचांत वरंब्यावर. सपाट वावरांत एकरी ३, ५, ८, ११, १३ क्विंटल निघाले. वरंब्यावर ७, ८, ८, ८, ९. (आकडे समजावण्यापुरते आहेत.) सरासरी दोन्हीकडे ८. सरासऱ्यांची तुलना करणारी कसोटी म्हणेल, फरक नाही. ज्याच्या सखल वावरात पाणी साचून ३ क्विंटलच हाती आले, त्याला हे सांगून पाहा!

तेव्हा प्रश्न विखुरण्याचा आहे. जुना मार्ग म्हणजे दोन्ही गटांच्या विचरणांचे गुणोत्तर काढायचे. (विचरण म्हणजे सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज, भागिले आकड्यांच्या संख्येहून एक कमी.) इथे ते १७ भागिले ०.५, म्हणजे ३४. ही एफ कसोटी. यातला ‘एफ’ संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्या आडनावाचा. पण आकडे घंटाकृती वक्रात बसत नसतील तर ती फसवते, हे जॉर्ज बॉक्स यांनी १९५३ मध्ये दाखवले. रानडुकरांनी एखादे वावर उद्ध्वस्त केले, तर त्या एका आकड्याच्या सरासरीपासूनच्या अंतराच्या वर्गानेच विचरण फुगते.

हॉवर्ड लेव्हीन यांनी १९६० मध्ये सुचवलेली युक्ती मला जास्त आवडते. प्रत्येक आकडा आपल्या गटाच्या सरासरीपासून किती दूर, तेवढेच मोजायचे आणि त्या अंतरांच्या सरासऱ्या ताडून पाहायच्या. ब्राउन आणि फोर्सिथ यांनी १९७४ मध्ये सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा, घेतला; एखाद्या टोकाच्या आकड्याने तो सहसा ढळत नाही. आपल्या उदाहरणात मध्यकही ८ च. सपाट वावरांची अंतरे ५, ३, ०, ३, ५. वरंब्याची १, ०, ०, ०, १. सरासरी ३.२ विरुद्ध ०.४.

हा योगायोग असेल का? लागवडीने काही फरक पडत नसेल, तर कोणतेही अंतर कोणत्याही गटात पडू शकले असते. दहाही अंतरे एकत्र मिसळून पाच-पाचचे दोन गट पाडा. असे २५२ प्रकारे करता येते, आणि इतकी किंवा याहून मोठी तफावत त्यांतल्या फक्त १२ वाटण्यांत दिसते. म्हणजे पाच टक्क्यांच्या किंचित आत. दहा वावरांवर यापेक्षा जास्त ठाम बोलू नये.

शिवाय हा एकाच हंगामातला, वावरावावरांतला फरक. शेतकऱ्याला धास्ती असते ती एकाच वावरात वर्षागणिक होणाऱ्या चढउताराची. तो मोजायचा तर तीच वावरे, तीच लागवड, आणि मधे एखादे कोरडे व एखादे अतिवृष्टीचे साल यावे इतके हंगाम लागतात.