पुरातन फर्निचर : वय, स्थिती व मूल्य यांची पारख

वापरून जुन्या झालेल्या आणि पुन्हा विक्रीस आलेल्या लाकडी सामानाचा काळ ठरवणे, त्यातील मूळ व मागाहून बदललेले भाग वेगळे ओळखणे आणि त्यावरून त्याची किंमत अंदाजणे, अशी ही तिहेरी पारख आहे. व्यवहारात तिन्ही गोष्टी एकाच वेळी चालतात. तथापि काळ चुकला, तर पुढच्या दोन्ही निष्कर्षांना फारसा अर्थ उरत नाही.

‘शंभर वर्षांपेक्षा जुने ते पुरातन’ ही आज रूढ असलेली मर्यादा कलेच्या इतिहासातून नव्हे, तर जकातीच्या कायद्यांतून आलेली दिसते. अमेरिकेच्या १९०९ च्या जकात कायद्यात शंभर वर्षांपूर्वीच्या कलात्मक वस्तूंना शुल्कमाफी होती. १९३० च्या कायद्याने ही सरकती मर्यादा काढून १८३० हे ठरावीक वर्ष घातले. तेच वर्ष का, याविषयी दोन मते आढळतात. यंत्रनिर्मितीचा प्रसार त्या सुमारास झाला, म्हणून हस्तकौशल्याच्या युगाची ती अखेर मानली गेली, असे एक मत. कायदा झाला त्या वर्षातून शंभर वजा केले, असे दुसरे. दुसरे मत रुक्ष वाटले, तरी अधिक पटणारे आहे. सुतारकामात यंत्रे एकाएकी आली नाहीत : वर्तुळाकार करवत १८३० पूर्वीच काही गिरण्यांत फिरत होती, आणि डव्हटेल जोड (टोकाकडे रुंदावणारे दात एकमेकांत अडकवून केलेला सांधा) हाताने कापण्याचे काम त्यानंतरही कित्येक दशके चालू राहिले. यूनेस्कोच्या १९५० च्या फ्लॉरेन्स करारात शंभर वर्षांचीच अट आहे, व अमेरिकेनेही १९६६ मध्ये ती पुन्हा स्वीकारली.

कालनिर्णय : घाटावरून किंवा कोरीवकामावरून वस्तू ‘याच्या आधीची नाही’ एवढेच सांगता येते. टॉमस चिपेन्डेल या इंग्लिश फर्निचर-कारागिराने १७५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नमुन्यांबरहुकूम खुर्च्या एकोणिसाव्या शतकातही मोठ्या प्रमाणावर घडवल्या गेल्या, त्यामुळे शैलीवर विसंबणारा अंदाज शंभर वर्षांनीही चुकू शकतो. म्हणून जाणकार दर्शनी बाजूपेक्षा पाठ, तळ व खणांचा आतला भाग आधी पाहतात. जिथे गिऱ्हाईक पाहणार नाही, तिथे कारागिराने रंधा मारण्याचे कष्ट सहसा घेतलेले नसतात. हाताच्या करवतीच्या रेघा सरळ, पण कमीजास्त अंतराच्या व किंचित तिरप्या असतात. वर्तुळाकार करवतीच्या रेघा कमानीसारख्या वळतात. पट्टा-करवतीच्या रेघा सरळ, समांतर व एकसारख्या येतात. कमानदार रेघा मूळ फळीवर दिसल्या, तर अठराव्या शतकाचा दावा बहुधा सोडून द्यावा लागतो.

खण पूर्ण बाहेर काढून जोड पाहणे हा नेहमीचा दुसरा टप्पा होय. हाताने कापलेल्या डव्हटेलचे दात असमान असतात आणि पटाशी लावण्यापूर्वी ओढलेली आखणीची बारीक रेघ अनेकदा तशीच राहिलेली असते. अर्धगोल व मध्ये खुंटी अशा आकाराचा यंत्रजोड १८७० च्या दशकापासून शतकाच्या अखेरीपर्यंत मुख्यतः अमेरिकेत वापरात होता. इतका मर्यादित काळ दाखवणारी खूण क्वचितच सापडते. टोकदार स्क्रू यंत्रावर करण्याची पद्धत १८४० च्या दशकात रुळू लागली. त्यापूर्वीच्या स्क्रूचे टोक बोथट असते व खाच बरेचदा मध्यापासून सरकलेली असते. स्टार स्क्रू १९३० च्या दशकातला. अर्थात स्क्रू बदलता येतो, म्हणून त्याच्यापेक्षा त्याचे भोक आणि लोखंडाच्या गंजाने काळवंडलेली कड यांची साक्ष अधिक मोलाची.

लाकूड वाळताना तंतूंच्या दिशेने जवळजवळ आटत नाही, आडवे मात्र आटते, आणि वार्षिक वलयांच्या कडेने होणारे आटणे त्यांच्या छेदक दिशेतील आटण्याच्या साधारण दुप्पट असते. त्यामुळे कातीव पाय व गोल मेजाचे अखंड लाकडाचे पृष्ठ कालांतराने किंचित लंबगोल होतात. पायाचा व्यास एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन दिशांनी कॅलिपरने मोजला व दोन्ही मापे तंतोतंत जुळली, तर शंका घ्यावी.

प्रयोगशाळेतील पद्धतींचा उपयोग वाटतो त्यापेक्षा कमी आहे. वृक्षवलयांवरून झाड कधी तोडले ते कळण्यासाठी बाहेरचे रसकाष्ठ, म्हणजे सालीलगतचे लाकूड, शिल्लक असावे लागते, आणि सुतार नेमके तेच काढून टाकतो. किरणोत्सर्गी कार्बनाची कसोटी सुमारे १६५० नंतरच्या लाकडाला एकाहून अधिक संभाव्य काळ दाखवते. शिवाय दोन्हींत वय कळते ते झाडाचे, कपाटाचे नव्हे.

स्थिती : फर्निचर पोखरणाऱ्या सामान्य किड्याची बाहेर पडण्याची छिद्रे दीड ते दोन मिलिमीटर व्यासाची, गोल असतात. कड फिकी व धारदार असून खाली ताजा भुसा पडत असेल, तर कीड जिवंत समजावी. छिद्रांऐवजी पृष्ठभागावर लांबट, उघडी पडलेली नागमोडी भुयारे दिसत असतील, तर पोखरलेले जुने लाकूड नंतर कापून वापरले आहे. ‘जुन्या लाकडाची नवी वस्तू’ ओळखण्याची याहून खात्रीची खूण नाही. खणाच्या आत आजच्या मुठीशी न जुळणारी बुजवलेली भोके असली, तर मुठी बदलल्याचे कळते. लाखेचे पॉलिश स्पिरिटने विरघळते व अतिनील प्रकाशात नारिंगी झळकते. नायट्रोसेल्युलोज लॅकर या कृत्रिम रोगणाचा प्रसार १९२० च्या दशकापासूनचा, म्हणून त्याहून जुन्या वस्तूवर ते मागाहून चढवलेले असते. अवजड वस्तूंचा वरचा व खालचा भाग मुळात एकमेकांचे नसण्याचा प्रकारही बराच आढळतो.

मूल्य : विम्यासाठीची, लिलावातील व विक्रेत्याची, अशा एकाच वस्तूच्या तीन किंमती निघू शकतात. मूळ पृष्ठभाग खरवडून नवे पॉलिश चढवले, की वस्तू देखणी होते आणि तिची संग्राहकांतील किंमत बहुधा उतरते. गडद लाकडाच्या साध्या जुन्या फर्निचरचे भाव २००० नंतर पाश्चात्त्य बाजारांत बरेच घसरले, त्यामुळे वय व किंमत यांचे नाते पूर्वीइतके सरळ राहिलेले नाही. लाकडाच्या जातीचाही व्यवहारावर परिणाम होतो : ब्राझीलची शिसवी १९९२ पासून सायटीस या, धोक्यातील वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, व डाल्बर्जिया प्रजातीच्या इतर जाती २०१७ पासून दुसऱ्या परिशिष्टात. अशा लाकडाची वस्तू सीमेपलीकडे पाठवताना ती नियम लागू होण्यापूर्वीची आहे, हे कागदोपत्री दाखवावे लागते.