वापरकर्त्याचा पॅटर्न, सर्व्हरची दमछाक

१५/०८/१९४७ अशा लिहिलेल्या शेकडो तारखा १९४७-०८-१५ अशा करून हव्या आहेत. रेग्युलर एक्सप्रेशन (थोडक्यात रेजेक्स), म्हणजे शोधायच्या मजकुराचा नमुना, पॅटर्न, खुणांनी लिहायची रीत, येत असेल तर काम एका ओळीचं. शोधायचं ([०-९]+)/([०-९]+)/([०-९]+) आणि त्याजागी टाकायचं $3-$2-$1. [०-९]+ म्हणजे एक किंवा अधिक आकडे, प्रत्येक कंस म्हणजे एक गट, आणि $1 म्हणजे पहिल्या गटात जुळलेला मजकूर. मग वाटतं, आपल्या अ‍ॅपमध्येही 'शोधा' आणि 'बदला' अशा दोन पेट्या द्याव्यात, काय लिहायचं ते वापरकर्ता बघेल. पण त्या पेट्यांतून आत येतो तो एक छोटासा प्रोग्रामच, आणि तोही परक्याचा.

^(अ+)+$ हा पॅटर्न बघा: सुरुवातीपासून (^) शेवटपर्यंत ($) फक्त 'अ'चे गट. दिसायला गरीब. त्याला ३० 'अ' आणि शेवटी एक 'ब' द्या. 'ब'मुळे जुळणी फसते, पण जुळणी करणारा प्रोग्राम, म्हणजे इंजिन, हार मानत नाही. मागे फिरून त्या 'अ'चे गट वेगळ्या रीतीने पाडून बघतं. ३० अक्षरांचे असे गट सुमारे ५३ कोटी ६९ लाख प्रकारे पडतात आणि पुढच्या प्रत्येक 'अ'ला हा आकडा दुप्पट होतो. सर्व्हर तिथेच अडकतो.

प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांची साइट स्टॅक ओव्हरफ्लो २० जुलै २०१६ रोजी ३४ मिनिटं बंद पडलं, ते कडेच्या मोकळ्या जागा छाटणाऱ्या त्यांच्या स्वतःच्याच पॅटर्नमुळे. एका पोस्टमध्ये अशा सुमारे २०,००० जागा सलग आल्या आणि तपासण्या गेल्या २० कोटींच्या घरात. घरच्या पॅटर्नची ही कथा, तर बाहेरच्याचं काय!

यावर खरा तोडगा संगणकशास्त्रज्ञ केन थॉम्पसन यांनी १९६८ मध्येच मांडला होता: एकेक वाट चोखाळून मागे न फिरता सगळ्या शक्यता बरोबरीने पुढे न्यायच्या. गूगलचं आरई२ हे रेजेक्स इंजिन याच जातीचं. मागे जुळलेला मजकूर पॅटर्नमध्येच पुन्हा वापरायची सोय त्यात नाही, पण वेळ मजकुराच्या लांबीच्या प्रमाणातच वाढतो. सौदा वाईट नाही. ते जमत नसेल तर निदान वेळेची मर्यादा घालावी.

'बदला'ची पेटी मला जास्त धोक्याची वाटते. पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत बदली मजकुरातलं $1 थेट कोडमध्ये न लिहिता व्हेरिएबलमधून (साठवलेल्या मजकुरातून) आलं, तर निकालात जुळलेल्या गटाऐवजी $1 हीच अक्षरं उमटतात. वैतागून लोक इव्हॅल, म्हणजे मजकूर कोड म्हणून चालवणारी आज्ञा, वापरतात. काम होतं, पण आता त्या पेटीत फाइली पुसायचा हुकूम लिहिला तर तोही पाळला जातो. पीएचपी या भाषेत तर बदली मजकूर कोड म्हणून चालवणारी खूणच होती. ७.० आवृत्तीत ती काढून टाकली. त्यापेक्षा डॉलर आणि पुढचा आकडा आपणच ओळखून तिथे जुळलेला गट ठेवावा, बाकी सगळं जसंच्या तसं. चार-पाच ओळींचं काम आहे.

बहुतेकांना मुळात 'रु. ५००' एवढंच शोधायचं असतं आणि त्यातलं टिंब रेजेक्समध्ये 'कोणतंही अक्षर' होऊन बसतं. त्यांच्यासाठी साधा शोध आधी ठेवावा, रेजेक्स चालू करायची खूण बाजूला.