गाडी चढाला ओढत नाही म्हणजे टर्बो गेला? थांबा जरा

"डिझेल गाडी चढाला ओढेना आणि काळा धूर टाकायला लागली की टर्बो संपला, सरळ बदला" हा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय. खंबाटकी किंवा यवतेश्वरच्या घाटात गाडीनं दम टाकला की कुणालाही तेच वाटणार, कारण टर्बो काम करत नसला तरी लक्षणं साधारण हीच दिसतात.

पण काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानानं हवा कमी पडतेय, एवढंच. टर्बो हवा दाबून इंजिनात पाठवतो, आता ती वाटेत इंटरकूलरच्या (दाबलेली हवा गार करणारा भाग) होजला, म्हणजे रबरी पाइपला, चीर पडून किंवा क्लिप ढिली होऊन बाहेर गेली तर टर्बो ठणठणीत असूनसुद्धा गाडी मरगळते. एअर फिल्टर चोंदला तरी तेच. टर्बोच्या सीलमधून ऑइल गळून जळत असेल तर धूर निळसर येतो, तो वेगळा.

म्हणून आधी फिल्टर काढून बघा, मग होज हातानं दाबत जा, खालच्या बाजूनं पण, चीर बहुतेक तिथंच लपते. ॲक्सिलरेटर दिल्यावर फुसफुस येतेय का ऐका. स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र) लावला तर गाडीनं मागितलेलं आणि खरं मिळालेलं बूस्ट प्रेशर, म्हणजे टर्बोनं दाबलेल्या हवेचा दाब, शेजारी शेजारी दिसतं, फरक मोठा असेल तर आधी लीक शोधायचं. टर्बोची पाळी शेवटी, इंजिन बंद आणि गार असताना इनटेक पाइप काढून शाफ्ट (टर्बोची पाती बसवलेला दांडा) हलवून बघायचा, किंचित आडवा हलणं नॉर्मल, पण पुढंमागं जाणवण्याइतका सरकत असेल किंवा पाती टर्बोच्या हाउसिंगला (बाहेरच्या कवचाला) घासल्याच्या खुणा असतील तर मग टर्बोच. पाइपात थोडं तेलकट दिसलं म्हणून मात्र घाबरू नका, ते ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) येतंच.