संधिवात-चिकित्सेतील निरीक्षण-अध्ययन
(पुणे). ऱ्हुमॅटॉइड संधिवात, ल्युपस यांसारख्या दीर्घकालीन स्वयंप्रतिरक्षा (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते अशा) विकारांवर उपचार करणाऱ्या तज्ज्ञाजवळ बसून, रुग्णतपासणी पाहत शिकण्याची विद्यार्थ्यांची पद्धत. बोलीत ‘ओपीडीला बसणे’. विद्यार्थी औषध लिहून देत नाही. रुग्णाची संमती असल्यास सांधे तपासतो.

रुग्णाजवळ शिकविण्याचा प्रारंभ कोठे झाला याविषयी मतभेद आहेत. हे श्रेय बराच काळ नेदरलँड्समधील लायडनला आणि विशेषतः तेथील वैद्य बुरहाव्हेला (१६६८–१७३८) दिले जाई. तथापि तेथील रुग्णालयात असे अध्यापन १६३६ च्या सुमारास, म्हणजे त्याच्या जन्माआधीच सुरू झालेले होते. त्याही आधी, सोळाव्या शतकाच्या मध्यास, इटलीतील पादुआ येथे दा मोन्ते हा वैद्य विद्यार्थ्यांना रुग्णांपाशी नेत असे. पादुआचा दावा अधिक ग्राह्य वाटतो. बुरहाव्हेमुळे पद्धतीचा प्रसार झाला, एवढे मान्य करण्यास हरकत नाही. सुश्रुतसंहितेतील ‘योग्यासूत्रीय’ अध्यायाचा दाखलाही काही लेखक देतात. मात्र त्यातील कोहळा, दुधी इत्यादींवर छेद घेण्याचा सराव हा शस्त्रकर्मासाठी हात बसविण्याचा आहे. त्याला रुग्णनिरीक्षण म्हणणे ओढूनताणून होईल. माधवनिदान या आयुर्वेदीय ग्रंथातील (सु. सातवे–आठवे शतक) ‘आमवात’ म्हणजेच ऱ्हुमॅटॉइड संधिवात, हे समीकरणही सावधपणेच घ्यावे. लक्षणे जुळतात, पण वर्णनात अन्य सांधेविकारही बसू शकतात.

प्रत्यक्ष शिक्षणाचा गाभा सांधेगणना, म्हणजे सुजलेले व दुखरे सांधे मोजणे, हा आहे. प्रचलित २८ सांध्यांच्या गणनेत दोन्ही हातांच्या बोटांचे २० सांधे आणि मनगटे, कोपरे, खांदे व गुडघे धरतात. घोटे व पावले वगळली जातात, त्यामुळे केवळ पाय सुजलेल्या रुग्णाचा गुणांक फसवा कमी येतो. सांधा दाबताना तपासणाऱ्याच्या नखाखालचा भाग पांढुरका पडेल इतपतच जोर द्यावयाचा असतो. नवखा विद्यार्थी बहुधा रिपोर्ट आधी उघडतो, अनुभवी डॉक्टर आधी “सकाळी मूठ वळायला किती वेळ लागतो?” असे विचारतात. ‘भाकरी थापता येत नाही’ या तक्रारीतून मनगटाचा अंदाज येतो. ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर (या विकाराच्या निदानासाठी रक्तात तपासले जाणारे प्रतिपिंड) निरोगी व्यक्तीतही आढळू शकतो, ही गोष्ट पुस्तकापेक्षा येथे लवकर पटते.

मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती आवरणारे औषध या विकारात आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्यास रक्तपेशी घटून जिवावर बेतू शकते. म्हणून चिठ्ठीवर वार लिहितात आणि “गोळी कोणत्या वारी?” हे रुग्णाकडूनच वदवून घेतात. रक्तपेशी व यकृताच्या चाचण्या ठराविक काळाने होतात. विकार वर्षानुवर्षे चालणारा असल्याने एका दिवसाच्या निरीक्षणाचा उपयोग थोडा. तोच रुग्ण पुन्हा येतो तेव्हाच औषधाचा गुण दिसतो.

पुण्यात बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय (शाळा १८७८, महाविद्यालय १९४६) व ससून रुग्णालय, तसेच सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय (१९४८) ही रुग्णाधिष्ठित शिक्षणाची जुनी केंद्रे होत. २०१९ पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात पहिल्या वर्षीच रुग्णसंपर्क अंतर्भूत आहे. तज्ज्ञाच्या ओपीडीत निवडक रुग्ण येत असल्याने विकाराच्या प्रमाणाचा विद्यार्थ्याचा अंदाज फुगतो. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये सुरू झालेल्या पाहणीत प्रौढांतील ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचे प्रमाण सु. ०.५ टक्के आढळले.