रोटला स्वस्त, ओटला महाग : मुंबईच्या आणि बाहेरच्या दरांची पार्श्वभूमी

मुंबईत नव्याने आलेल्या पाहुण्याला पहिल्याच दिवशी दोन टोकं दिसतात. दादरला उतरल्यावर तीस-पस्तीस रुपयांत वडापाव आणि कटिंग होतं. मग तो लॉजवर चौकशी करतो आणि खोलीचा दर ऐकून बॅग पुन्हा खांद्याला लावतो. ‘रोटलो मळे, पण ओटलो न मळे’ (भाकरी मिळेल, पण पाठ टेकायला ओटा मिळणार नाही) ही इथल्या गुजराती मंडळींची जुनी म्हण सगळ्या मुंबईने आपली केली, ती उगाच नाही.

तरीही ‘मुंबई महाग की स्वस्त’ याचा निकाल एका आकड्यात लावणाऱ्या याद्या दरवर्षी निघतात. मर्सर या सल्लागार कंपनीच्या २०२४च्या यादीत मुंबई जगात १३६वी आणि देशात पहिली होती. पण ही यादी कंपन्यांनी परदेशी धाडलेल्या साहेबलोकांचे पगार ठरवण्यासाठी असते. कल्याणच्या मावशीकडे उतरून मंत्रालयात फाइलच्या मागे आलेल्या माणसाला तिचा काडीचा उपयोग नाही. त्याने विचारायला हवं ते एवढंच की कोणती गोष्ट, आणि तिचा दर ठरवला कुणी?

आधी ओटल्याचं बघू. समुद्राने तिन्ही बाजूंनी आवळलेल्या या शहरात भाडी पहिल्या महायुद्धातच एवढी चढली, की १९१८ साली सरकारला भाडेनियंत्रणाचा कायदा आणावा लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७चा कायदा आला. घरभाड्याबरोबर हॉटेलांचे आणि लॉजिंगचे दरही त्याच्या नावातच होते, हे आज फारसं कुणाच्या लक्षात नसतं. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं तेच प्रमाण मानलं गेलं आणि पुढची पन्नासेक वर्षं तिथेच खिळून राहिलं. आत राहणाऱ्याला जागा जवळजवळ फुकट, बाहेरून येणाऱ्याला पागडी, म्हणजे खोलीत शिरण्यासाठी मोजायची वरची रक्कम. भाड्यासाठी चाळ बांधणं मालकांना परवडेनासं झालं. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवलेली भाडी आता वाजवी राहिलेली नाहीत असं म्हटलं, आणि ३१ मार्च २०००पासून नवा कायदा लागू झाला. त्यात वर्षाला ४ टक्के वाढ देण्यात आली. तोवर शहराची घडी बसून गेली होती.

मग गरीब प्रवासी राहायचा कुठे? त्याची सोय त्याच्या गावाने केली. गोव्याच्या खलाशांचे कूड, म्हणजे सामायिक वस्तीच्या खोल्या, धोबीतलाव आणि माझगावच्या बाजूला होते. एकेका गावाचा एकेक कूड असे. जहाज लागेपर्यंत खलाशी तिथे पेटी ठेवायचा, किरकोळ वर्गणी भरायचा आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला हजर राहायचा. कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांच्या खोल्या गिरगावापासून लालबाग-परळपर्यंत होत्या. गिरणीच्या पाळीप्रमाणे वळकट्या उलगडायच्या; एक माणूस कामावर गेला की त्याच जागेवर दुसरा झोपायचा. बाजारात न परवडणारा ओटला त्यांनी वाटून घेतला होता. आजही टाटा रुग्णालयात गावाकडून आलेलं कुटुंब आधी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा आहे का, ते विचारतं. नसेल तर रुग्णालयासमोरच्या फुटपाथवर पथारी पडते.

रोटला स्वस्त राहण्याचं कारण याच खोल्यांत आहे. एकट्याने राहणाऱ्या हजारो पुरुषांना रोज दोन वेळचं जेवण लागे, आणि ते गिरणगावातल्या बायका घरच्या चुलीवर रांधून देत. वेगळं दुकान नाही, म्हणून वेगळं भाडं नाही. महिन्याची खानावळ पगार झाल्यावर द्यायची. ऐन वेळी किराणा भरायला या बायकांना सावकाराकडून भारी व्याजाने पैसे उचलावे लागत. ते मोडायला प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. शहराच्या स्वस्ताईचा भार कुणाच्या खांद्यावर होता हे त्या मंडळाच्या इतिहासात नीट दिसतं, आणि मुंबईच्या स्वस्त खाण्याचं कौतुक करणाऱ्या लेखांत हे नाव सहसा नसतं.

उडुपी हॉटेलांनी एकाच छपराखाली दोन दर आणले. खाली पंख्याखाली बसलात तर इडली एका भावाने, माडीवर एसीत बसलात तर तीच इडली, तीच चटणी जास्त भावाने. सरकारनेही या माडीची दखल घेतली होती. जुलै २०१७मध्ये जीएसटी आला तेव्हा बिगर-एसी हॉटेलला १२ टक्के आणि एसीला १८ टक्के होते. १५ नोव्हेंबर २०१७पासून दोन्हीकडे ५ टक्के झाले. माडीवरचा भाव मात्र वरच राहिला.

गाव आणि शहर यांतला थाळीचा फरक सरकारने चक्क आकड्यात लिहून ठेवला आहे. २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन थाळी सुरू झाली. जेवणाऱ्याने द्यायचे १० रुपये, मग तो परळला जेवो की परभणीच्या खेड्यात. पण केंद्र चालवणाऱ्याच्या हिशेबात तीच थाळी शहरी भागात ५० रुपयांची आणि ग्रामीण भागात ३५ रुपयांची धरली होती. दोन चपात्या, भाजी, वरण, भात तेच. वरचे १५ रुपये गेले जागा, मजुरी आणि शहरातल्या इतर खर्चात.

शहरातली महागाई अशी आकड्यात मोजण्याची सुरुवातही मुंबईतच झाली म्हणायला हरकत नाही. पहिल्या महायुद्धानंतर महागाई आणि संप एकदमच आले. १९२१ साली मुंबई सरकारने लेबर ऑफिस काढलं, आणि अर्थतज्ज्ञ फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली कामगार कुटुंबांचे जमाखर्च गोळा झाले. धान्य, डाळी, जळण, दिवाबत्ती, कापड आणि घरभाडं यांची टोपली बांधून तिचा जुलै १९१४चा खर्च १०० धरला गेला; पुढचा खर्च त्याच्या मानाने किती, तो आकडा म्हणजे निर्देशांक. पुढे अहमदाबाद आणि सोलापूरचे निर्देशांक वेगळे निघू लागले. आता औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक देशातल्या ८८ केंद्रांवरून निघतो आणि त्याचं पायाभूत वर्ष २०१६ आहे.

इथे एक घोळ नेहमी होतो. सोलापूरचा निर्देशांक मुंबईच्या वर दिसला की ‘बघा, सोलापूर मुंबईपेक्षा महाग झालं’ असं बेधडक छापलं जातं. हा निर्देशांक त्या शहराची तुलना त्याच्याच जुन्या दरांशी करतो, शेजारच्या शहराशी नाही. सरकार स्वतः शहरांची तुलना लोकसंख्येवरून करतं. केंद्राच्या घरभाडे भत्त्यात एक्स, वाय आणि झेड अशा तीन पायऱ्या आहेत आणि जानेवारी २०२४पासून त्यांचे दर मूळ पगाराच्या ३०, २० आणि १० टक्के आहेत. त्यात मुंबई आणि पुणे एकाच पंगतीला बसतात, नागपूर आणि नाशिक दुसऱ्या. वरळीत आणि वारज्यात खोली शोधलेल्या माणसाला ही पंगत पटणं कठीण आहे.

वस्तूंची गोष्ट निराळी. त्या ट्रकमध्ये बसून फिरतात, त्यामुळे त्यांचे दर एकमेकांच्या जवळ यायला हवेत. आड यायचा तो नाका. मुलुंड, दहिसर, मानखुर्दच्या जकात नाक्यांवर ट्रकांच्या रांगा लागायच्या आणि मुंबईत शिरणाऱ्या मालावर पालिका जकात घ्यायची. राज्यात इतरत्र जकात आधीच गेली होती, मुंबईत ती १ जुलै २०१७पर्यंत टिकली. पाकिटावरचा छापील भाव देशभर एक असावा ही कल्पनाही तशी अलीकडची. १९९०पर्यंत किमतीपुढे ‘स्थानिक कर वेगळे’ असं छापायची मुभा होती, म्हणजे बिस्किटाचा पुडा प्रत्येक शहरात दुकानदार सांगेल त्या भावाने. मग ‘सर्व करांसहित’ आलं.

त्यातूनही पळवाट निघाली. पाण्याची तीच बाटली, पण विमानतळावर आणि मल्टिप्लेक्समध्ये वेगळ्या एमआरपीची. एकाच मालाला दोन एमआरपी छापायला १ जानेवारी २०१८पासून बंदी आहे. त्याच्या तोंडावरच, डिसेंबर २०१७मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने हॉटेल आणि रेस्टॉरंटला छापील भावापेक्षा जास्त घ्यायची मोकळीक दिली. तिथे नुसती बाटली विकली जात नाही, बसायची जागा आणि सेवाही असते, हा त्यामागचा मुद्दा. रेल्वे मात्र रेल नीरचा दर स्वतः ठरवते. सप्टेंबर २०२५मध्ये लिटरची बाटली १५वरून १४ रुपयांवर आली.

पेट्रोल जीएसटीच्या बाहेर राहिलं, म्हणून राज्याची हद्द टाकीला अजून कळते. अहमदाबाद हायवेने जाणारे मुंबईकर तलासरीपर्यंत काटा खाली जाऊ देतात आणि गुजरातेत शिरून टाकी फुल्ल करतात. जुलै २०२४पर्यंत तर राज्याच्या आतही मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईला व्हॅटचा (राज्याच्या विक्रीकराचा) दर बाकी महाराष्ट्रापेक्षा चढा होता.

परक्या माणसाला सगळ्यात जास्त गोंधळात टाकलं ते टॅक्सीच्या मीटरने. फियाटच्या डाव्या अंगाला, बाहेरून बसवलेलं ते लोखंडी यंत्र. झेंडा पाडला की आकडा १.०० वर यायचा. भाडं वाढत गेलं तरी यंत्र तेच, म्हणून टेरिफ कार्ड, म्हणजे मीटरच्या आकड्यावरून खरं भाडं सांगणारा तक्ता, बघायचं. शेवटी-शेवटी मीटरच्या एका रुपयाचे कार्डावर कितीतरी पट व्हायचे. मुंबईकर उतरता-उतरता तोंडी गुणाकार करायचा. पाहुण्याला कार्ड मागायचं असतं हेच माहीत नसायचं. २०१२च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक मीटर आले आणि ही एक कला बुडाली. १ फेब्रुवारी २०२५पासून टॅक्सीचं किमान भाडं ३१ रुपये आणि रिक्षाचं २६ आहे, पण माहीम-सायनच्या खाली दक्षिणेत रिक्षा मिळतच नाही.

देशाबाहेर पडलं की प्रत्येक बिलाचा रुपयांत गुणाकार करायची आपली सवय असते. एके काळी दुबईत त्याची गरजच नव्हती. कुवेत, बहरीन, कतार आणि आताच्या अमिरातीत भारतीय रुपया चालायचा. १९५९पासून रिझर्व्ह बँकेने तिकडच्यासाठी वेगळ्या छापाच्या नोटा काढल्या. ६ जून १९६६ रोजी रुपयाचं अवमूल्यन झालं, ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांचा झाला, आणि तोवर रुपयावर असलेल्या आखाती राज्यांनीही तो सोडायला सुरुवात केली. पण दुबई आणि मुंबई यांच्यातल्या दराच्या फरकावर एक अख्खा धंदा उभा राहिला. इथे १९६८च्या कायद्याने सोन्यावर नियंत्रण, तिथे खुला बाजार. घड्याळं, टेपरेकॉर्डर, अत्तरं यांचंही तेच. १९९०-९१मध्ये आयात शुल्काचा सर्वांत वरचा दर ३५५ टक्के होता. मुसाफिरखाना आणि हीरापन्ना या मुंबईतल्या बाजारांत ‘फॉरेनचा माल’ मिळायचा तो या आकड्यामुळे. सोन्याचा कायदा १९९०मध्ये गेला, शुल्क उतरत गेलं, आणि ते बाजार ओस पडले नाहीत तरी त्यांचा दरारा संपला.

ज्या गोष्टी बॅगेत भरता येत नाहीत त्यांचे दर मात्र आजही जुळत नाहीत. स्वीडिश अर्थतज्ज्ञ गुस्ताव कासेल यांनी १९१८ साली क्रयशक्ती समानतेची, म्हणजे चलन बदलून घेतलं तरी त्याच पैशात सगळीकडे तितकाच माल मिळायला हवा अशी, कल्पना मांडली, आणि ती प्रत्यक्षात का जुळत नाही याचं कारण बेला बालासा आणि पॉल सॅम्युअल्सन या अर्थतज्ज्ञांनी १९६४ साली आपापल्या परीने सांगितलं. त्यांचं म्हणणं बसच्या तिकिटावरून कळतं. बेस्टच्या साध्या बसचं किमान तिकीट मे २०२५पासून १० रुपये आहे. लंडनच्या बसला त्याच वर्षी पावणेदोन पौंड पडत होते, म्हणजे दोनशे रुपये. दोन्ही ड्रायव्हर तितक्याच गर्दीतून बस काढतात. पण लंडनमधले कारखाने आणि कचेऱ्या भरपूर पगार देतात, त्यामुळे बसच्या ड्रायव्हरलाही तसाच द्यावा लागतो, नाहीतर तो तिकडे जाईल. (बेस्टचा तोटा पालिका भरून काढते, हेही त्या दहा रुपयांत धरायला हवं.)

या फरकाचा जगभरचा हिशेब आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रम १९६८पासून ठेवतो आहे. त्याच्या २०१७च्या फेरीनुसार अमेरिकेत एका डॉलरला जे मिळतं, ते भारतात सरासरी २० रुपये ६५ पैशांत मिळत होतं. बँकेत मात्र त्या डॉलरचे ६५ रुपये १२ पैसे पडत. कुलाब्यात फिरणारी परदेशी मंडळी सगळ्याला ‘चीप’ का म्हणतात आणि आपल्याला झुरिकमध्ये कॉफी घशाखाली का उतरत नाही, ते या दोन आकड्यांवरून कळतं. १९८६ साली एका इंग्रजी साप्ताहिकाने हाच हिशेब मॅकडोनाल्डच्या बर्गरच्या किमतीवर मांडून लोकप्रिय केला. भारतात ती कंपनी १९९६ला आली, पण गोमांसाचा बर्गर न आणता, म्हणून आपल्यासाठी ताटातला पदार्थच बदलावा लागला.

हा फरक सरकारच्याही नजरेतून सुटलेला नाही. २०००पासून पुरातत्त्व खात्याने परदेशी पाहुण्यांना वेगळं, तेव्हा डॉलरमध्ये सांगितलेलं, तिकीट लावलं. घारापुरीच्या लेण्यांच्या खिडकीवर २०१८पासून भारतीयांना ४० रुपये आणि परदेशी माणसाला ६०० रुपये आहेत. गेटवेहून एकाच लाँचने आलेले प्रवासी तिथे दोन दरांत विभागले जातात. मुळात ज्याच्या खिशाकडे बघून हा दर लावला, त्याला तो आपल्या देशातल्या संग्रहालयाच्या मानाने माफकच वाटतो. चडफडतात ते पाठीवर पिशवी टाकून महिनोन् महिने फिरणारे तरुण. काठमांडू किंवा कोलंबोहून आलेला पाहुणा मात्र ४० रुपयांतच आत जातो. सार्क आणि बिमस्टेक या शेजारी देशांच्या गटांतल्या नागरिकांना आपलाच दर आहे, पासपोर्ट तेवढा दाखवावा लागतो.