गोठवून संहत केलेली बिअर

तयार बिअर गोठणबिंदूच्या खाली थंड करून तिच्यातील पाण्याचा काही भाग बर्फाच्या रूपाने वेगळा काढला की मागे अधिक मद्यार्काचे आणि दाट चवीचे पेय उरते. जर्मनीतील आइसबॉक हा या पेयाचा जुना आणि सर्वमान्य प्रकार आहे. २००९ पासून याच रीतीने ३०, ४०, अगदी ५५ टक्क्यांच्याही वर मद्यार्क नेलेली पेये बाजारात आली आणि त्यांना बिअर म्हणायचे की नाही यावर वाद सुरू झाला. या वादात बहुतेक जण मद्यार्काच्या आकड्यावर अडतात. आकड्याऐवजी पेयातून नेमके काय काढून घेतले हे पाहिले, तर प्रश्न बराचसा सुटतो.

पद्धत : पाणी ० अंश सेल्सिअसला गोठते, तर शुद्ध इथेनॉल उणे ११४ अंशांच्या सुमारास. ५ टक्के मद्यार्काच्या बिअरमध्ये उणे २ अंशांच्या आसपास बर्फाचे स्फटिक दिसू लागतात. स्फटिक वाढताना त्याच्या रचनेत पाण्याचेच रेणू बसतात. मद्यार्क, न आंबलेली साखर, प्रथिने, माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) रंग, हॉप्समधील (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांतील) कडू द्रव्ये हे सगळे बाहेर ढकलले जाते आणि उरलेल्या द्रवात साठत जाते. द्रव जसजसा तीव्र होतो तसतसा त्याचा गोठणबिंदूही खाली सरकतो. त्यामुळे प्रत्येक तापमानाची एक मर्यादा ठरलेली असते. उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये बिअर कितीही दिवस ठेवली तरी मद्यार्क द्रवाच्या साधारण एक-तृतीयांशाच्या पुढे जात नाही. ४० टक्के गाठायचे तर उणे २५ अंशांच्याही खाली उतरावे लागते, आणि ५५ टक्क्यांसाठी त्याहून बरेच खाली.

मद्यनिर्मितीगृहात बिअरची टाकी सावकाश थंड करतात. बर्फ टाकीच्या भिंतींना धरतो आणि न गोठलेला द्रव तळाच्या नळातून काढून घेतात. सावकाशीला कारण आहे. घाईने गोठवले तर बारीक स्फटिकांच्या जाळ्यात बिअर अडकून पडते आणि बर्फाबरोबर वाया जाते. छोट्या प्रमाणावर हीच क्रिया गोठलेली बाटली भांड्यावर उलटी धरून करतात. पहिले थेंब गडद आणि जड पडतात, मग धारेचा रंग फिका होत जातो, आणि बाटलीत पांढरट, भुसभुशीत बर्फ उरतो. तो बर्फ चाखला तर बिअरची पुसट चव लागतेच, कारण पाणी शंभर टक्के शुद्ध कधीच निघत नाही. थांबायचे कधी हे धारेच्या रंगावरून ठरवतात. या सगळ्या खटाटोपात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बराचसा निसटतो. तो पुन्हा भरावा लागतो, नाहीतर पेय निपचित राहते.

आइसबॉक : या प्रकाराचे माहेर बव्हेरियाच्या फ्रँकोनिया भागातील कुल्मबाख हे गाव मानले जाते. १८९० च्या सुमारास तिथल्या राइशेलब्रॉय या मद्यनिर्मितीगृहात एका शिकाऊ मुलाने बॉक या तीव्र जर्मन बिअरची पिंपे हिवाळ्याच्या रात्री अंगणातच सोडली, ती गोठून फुटली आणि बर्फाच्या आत गडद, तीव्र द्रव सापडला, अशी आख्यायिका सांगतात. ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी. कडाक्याच्या थंडीत बिअर बाहेर राहिली की हे घडणारच, आणि ते कुल्मबाखच्या आधीही अनेकांच्या नजरेस आले असणार. कुल्मबाखची आइसबॉक आजही मिळते. तिचे मद्यार्काचे प्रमाण ९.२ टक्के असते. केलहाइम येथील श्नायडर या घराण्याची गव्हाची आइसबॉक १२ टक्क्यांची असते. तिची मूळ बिअर, अॅव्हेंटिनस, ८.२ टक्क्यांची. दोन्ही आकडे ताडून पाहिले तर मूळ आकारमानाचा साधारण तिसरा हिस्सा बर्फ होऊन निघून जातो असा हिशेब लागतो.

आइसबॉक बिअर आहे याविषयी जर्मनीत कुणाला शंका नाही. १५१६ च्या बव्हेरियन शुद्धता आदेशाने जव, हॉप्स आणि पाणी एवढेच घटक मान्य केले होते. गव्हाची आइसबॉक सोडली, तर आइसबॉकमध्ये यीस्टखेरीज यापलीकडचे काहीही पडत नाही. आदेशाचा सगळा रोख बिअरमध्ये काय घालावे यावर होता; तयार बिअरमधून काय काढावे याचा त्यात विचार नाही. एकविसाव्या शतकातला वाद नेमका या मोकळ्या जागेत उभा राहिला.

ऊर्ध्वपातनाशी फरक : संहत बिअरला ‘थंडीने केलेले ऊर्ध्वपातन’ म्हणण्याची पद्धत आहे आणि तिने बराच गोंधळ घातला आहे. ऊर्ध्वपातनात मद्यार्क आणि बाष्पनशील सुवासिक द्रव्ये वाफेच्या रूपाने उचलून नेली जातात. साखर, प्रथिने, रंग आणि हॉप्सचा कडवटपणा भट्टीतच राहतो. म्हणून बिअरचे ऊर्ध्वपातन केले तर रंगहीन अर्क मिळतो. त्यात पुन्हा हवे तेवढे पाणी घातले तरी बिअर परत येत नाही. गोठवण्यात उलटे घडते. निघून जाते ते पाणी, आणि बिअरला बिअरपण देणारे जवळपास सारे काही मागे राहते. आइसबॉकमध्ये काढलेल्या बर्फाएवढे पाणी आणि वायू परत घातला तर मूळ बिअरच्या बऱ्याच जवळचे पेय हाती येते; थोडी प्रथिने थंडीने साकळून बसलेली असतात, थोडा सुवास उडालेला असतो, इतकेच. काढलेले परत घालून मूळ पेय मिळते का, ही कसोटी टक्केवारीपेक्षा जास्त विश्वासार्ह आहे.

या फरकाची दुसरी बाजूही आहे. भट्टीवर बसलेला कारागीर धारेचा सुरुवातीचा आणि शेवटचा भाग वेगळा काढून नकोशी द्रव्ये टाकून देऊ शकतो. गोठवणाऱ्याला ती सोय नाही. मूळ बिअरमध्ये अॅसिटाल्डिहाइड किंवा जड अल्कोहोले जास्त झाली असतील, तर तीही त्याच पटीत वाढतात. म्हणून सदोष बिअर गोठवून सुधारत नाही, आणि चांगल्या आइसबॉकला गोठवल्यानंतरही थंड तळघरात दीर्घकाळ मुरावे लागते. मिथेनॉलची भीती मात्र बिअरच्या बाबतीत अवाजवी आहे. ते मुख्यतः फळांतील पेक्टिनपासून तयार होते, धान्याच्या बिअरमध्ये अत्यल्प असते, आणि गोठवल्याने नव्याने निर्माण होत नाही.

कायद्यातील स्थान : कायदे प्रामुख्याने करवसुलीसाठी लिहिलेले असतात, पण त्यांतही ही कसोटी अधूनमधून डोकावते. अमेरिकेत १९९० च्या दशकात ‘आइस बिअर’ची लाट आली (कॅनडातील लाबॅट आणि मोल्सन यांनी ती १९९३ मध्ये सुरू केली होती). तेव्हा १९९४ मध्ये संघराज्य पातळीवर असे ठरले की बर्फाच्या रूपाने आकारमानाच्या ०.५ टक्क्यापर्यंत घट झाली तर ते पेय बिअरच. त्यापुढे ते ‘बिअर संहत’ ठरते आणि त्याला वेगळे नियम लागतात. त्या नियमांनुसार आंबलेल्या द्रवातून मद्यार्क वेगळा काढणारी कोणतीही प्रक्रिया वापरता येत नाही, आणि संहतात पाणी घालून पुन्हा बिअर करणे हा बिअरनिर्मितीचाच भाग मानला जातो. जागतिक सीमाशुल्क वर्गीकरणाच्या स्पष्टीकरणात तर निर्वातात आटवून पाचव्या-सहाव्या हिश्शावर आणलेली बिअरही बिअरच्याच शीर्षकाखाली ठेवली आहे.

सर्वांत बोलका दाखला युरोपीय संघाच्या न्यायालयाचा आहे. २०११ मध्ये पाडरबॉर्न येथील एका मद्यनिर्मितीगृहाच्या प्रकरणात १४ टक्के मद्यार्काचे ‘माल्ट बिअर बेस’ न्यायालयापुढे होते. बिअर गाळून, नंतर अतिसूक्ष्म गाळणीतून काढून तिच्यातील कडू द्रव्ये आणि प्रथिने कमी केलेली होती. न्यायालयाने हे पेय बिअरच्या शीर्षकातून काढून स्पिरिटच्या शीर्षकात टाकले. १४ टक्के हा आकडा काही भयंकर नाही. कितीतरी बिअर पाणी न काढताही तिथवर पोचतात. बिअरचा दर्जा गेला तो बिअरची ओळख असलेली द्रव्ये काढून घेतली म्हणून. ब्रिटनने २०२३ पासून वेगळीच वाट धरली. २२ टक्क्यांच्या वर गेलेल्या प्रत्येक मद्याला, ते कशापासूनही केलेले असो, एकच दर लागतो. कर आकारायला हे सोयीचे आहे, पण पेय काय आहे ते त्यातून कळत नाही.

टोकाची तीव्रता : स्कॉटलंडच्या ब्रूडॉग या मद्यनिर्मितीगृहाने २००९ मध्ये ३२ टक्क्यांची ‘टॅक्टिकल न्यूक्लिअर पेंग्विन’ काढली. मूळची स्टाउट (गडद बिअर) त्यांनी एका आइसक्रीम कारखान्याच्या शीतगृहात गोठवली होती. मग फ्रँकोनियातील शॉर्शब्रॉयने ४० टक्क्यांनी उत्तर दिले, ब्रूडॉगने २०१० मध्ये आधी ४१ आणि मग ५५ टक्के गाठले, आणि २०११ मध्ये शॉर्शब्रॉय ५७ टक्क्यांवर पोचली. ही पेये बिअर आहेत का? उत्पत्तीने आहेत, कारण त्यांतील मद्यार्क यीस्टनेच धान्याच्या रसात तयार केला. पण अशा पुनःपुन्हा केलेल्या गोठवणीत दरवेळी काही सुवास उडतो आणि काही द्रव्ये साकळून बसतात. पाणी परत घालून मूळ पेय मिळण्याची शक्यता दर फेरीला घटत जाते. फेस धरत नाही आणि पेय छोट्या प्याल्यातून घोटाघोटाने घ्यावे लागते. १२ टक्क्यांची आइसबॉक निःसंशय बिअर आहे. ५७ टक्क्यांचे पेय बिअरपासून झालेले आहे, एवढेच खात्रीने म्हणता येते. दोहोंच्या मधे कुठे एक रेघ मारता येईल असे वाटत नाही, आणि ती मारण्याची गरजही नाही. बाटलीवर मूळ बिअर किती टक्क्यांची होती आणि ती गोठवून संहत केली आहे, या दोन गोष्टी छापल्या तर पिणाऱ्याला सगळे कळते.

‘जगातील सर्वांत तीव्र बिअर’च्या याद्यांमध्ये मात्र यीस्टने तीव्र केलेली आणि गोठवून संहत केलेली असा भेद करायला हवा. अमेरिकेतील सॅम्युअल अॅडम्सची ‘युटोपियास’ गोठवण्याशिवाय, मद्यार्क सोसणारे यीस्ट जपून वाढवत ३० टक्क्यांपर्यंत पोचली. हे यीस्टचे आणि ते सांभाळणाऱ्याचे कसब आहे. तिला ५५ टक्क्यांच्या संहत पेयाच्या खाली बसवणे अन्यायाचे ठरते. आणि ज्या पेयाची तीव्रता बाहेरचा मद्यार्क ओतून वाढवलेली असते, ते या दोन्ही याद्यांत बसत नाही. ते मिश्रण आहे, मग त्यातील मूळ बिअर कितीही चांगली असो.