वेळ चौघांची सारखी, पदकं दोघांनाच

२०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमधली पुरुषांची १०० मीटरची अंतिम शर्यत संपल्यापासून फोटो फिनिशचं, म्हणजे अंतिम रेषेवरच्या कॅमेऱ्याचं, एक चित्र मोबाइलवर फिरतंय. जमैकाच्या किशेन थॉम्पसनचा बूट रेषेवर पोचलेला दिसतो, तरी सुवर्णपदक अमेरिकेच्या नोआ लाइल्सला, म्हणजे नक्कीच काहीतरी गडबड, असा त्याबरोबरचा सूर. गडबड काही नव्हती. लाइल्सची वेळ ९.७८४ सेकंद आणि थॉम्पसनची ९.७८९. गैरसमज मात्र दोन आहेत. रेषा पायानं ओलांडायची असते, हा पहिला. तो नियम सांगितला की मिटतो: मोजतात ते धड, पाय नव्हे. दुसरा जास्त खोल आहे: ते चित्र म्हणजे शर्यतीच्या एका क्षणाचं छायाचित्र आहे, असं आपण धरून चालतो.

हे समजून घ्यायला पॅरिसपेक्षा बार्सिलोना बरं. जुलै २०१०, युरोपीय अ‍ॅथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धा, पुरुषांची १०० मीटर अंतिम फेरी. फ्रान्सचा क्रिस्तोफ लमेत्र १०.११ सेकंदांत पहिला आला. त्यात वाद नाही. त्याच्या मागची निकालपत्रिका मात्र छपाईची चूक वाटावी अशी आहे. दुसरा ब्रिटनचा मार्क लुईस-फ्रान्सिस १०.१८, तिसरा फ्रान्सचा मार्शियाल म्बांजॉक १०.१८, चौथा पोर्तुगालचा फ्रान्सिस ओबिक्वेलू १०.१८, पाचवा ब्रिटनचा ड्वेन चेंबर्स १०.१८. चौघांची वेळ एकच, पण रौप्य एकाला, कांस्य एकाला आणि उरलेले दोघे रिकाम्या हातानं परत.

आधी आकडेमोड उरकू. शर्यतीची वेळ वाचली जाते सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत आणि जाहीर होते शंभराव्या भागात. शाळेत शिकवतात तसं जवळच्या आकड्याला पूर्णांकन इथे होत नाही. तिसऱ्या दशांश स्थळी शून्याखेरीज काहीही असलं की वेळ वरच्या शतांशात ढकलायची. १०.१७० असेल तर १०.१७, पण १०.१७१ आली की थेट १०.१८. म्हणजे बार्सिलोनातले चौघेही १०.१७१ ते १०.१८० या पट्ट्यात होते; दुसऱ्या आणि पाचव्यात फार तर ९ मिलिसेकंदांचं अंतर. या दर्जाचा धावपटू शेवटच्या टप्प्यात सेकंदाला साधारण ११ मीटर धावतो. ९ मिलिसेकंदांत तो जेमतेम १० सेंटिमीटर पुढे सरकतो. तेवढ्या जागेत चार छात्या, आणि त्यांचा क्रम लावायचा.

तो लावणारा कॅमेरा नेहमीच्या कॅमेऱ्यासारखा नसतो. रेषेच्या सरळ रोखात, ट्रॅकच्या बाहेर, उंचावर तो घट्ट बसवलेला असतो आणि त्याला रेषेशिवाय काहीच दिसत नाही. त्याचा संवेदक, म्हणजे उजेड टिपणारा भाग, हा पिक्सेलांचा एकच उभा स्तंभ. हा स्तंभ अंतिम रेषेच्या धावपटूंकडच्या कडेवर रोखलेला असतो आणि सेकंदाला हजारो वेळा तेवढीच जागा टिपत राहतो. टिपलेले स्तंभ एकाशेजारी एक लावले की चित्र तयार होतं. दार जरासं किलकिलं करून रस्त्यावरची मिरवणूक पाहावी, तसं हे बघणं: फटीसमोरून जे जाईल तेवढंच दिसणार, पण जाताना ते अख्खं जाणार.

परिणामी चित्राची उभी बाजू म्हणजे जागा आणि आडवी बाजू म्हणजे वेळ. सगळी गंमत या एका वाक्यात आहे. या चित्रातला प्रत्येक उभा स्तंभ एकाच ठिकाणचा, पण वेगवेगळ्या क्षणाचा आहे. लमेत्र आणि त्याच्या मागचे चौघे चित्रात जसे दिसतात तसे ट्रॅकवर एका क्षणी कधीच नव्हते. प्रत्येकजण आपापल्या वेळी रेषेवर आला, तेव्हाची त्याची मुद्रा तिथे उमटली. म्हणून फोटो फिनिशमध्ये सगळेच एकदम छाती पुढे झोकून आलेले वाटतात. दोन धावपटूंमधलं आडवं अंतर मोजलं की मीटर मिळत नाहीत, थेट मिलिसेकंद मिळतात. अंतरावरून वेळ काढायची भानगडच उरत नाही.

आता आकडे घालून बघू. कॅमेरा सेकंदाला २,००० स्तंभ टिपतोय असं धरा. सेकंदाला ११ मीटर वेगानं जाणारा माणूस दोन स्तंभांच्या मधल्या वेळेत साडेपाच मिलिमीटर सरकतो. छातीपासून पाठीपर्यंत धडाची जाडी २५ सेंटिमीटर धरली, तर ते रेषेवरून जायला सुमारे २३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे चित्रात ४६ स्तंभ. आता पाय पाहा. धावताना शरीर पुढे जात असतं, पण जमिनीवर टेकलेला बूट सुमारे ९० ते १०० मिलिसेकंद जागचा हलत नाही. तो नेमका रेषेवर टेकला, तर रेषेवर आलेला बुटाचा तेवढाच काप १८० ते २०० स्तंभांत पुन्हा पुन्हा उमटतो. चित्रात धडाच्या चौपट रुंद, पट्टीसारखा ताणलेला बूट दिसतो. उलट हवेतून पुढे झेपावणारा पाय शरीराहून जास्त वेगात असतो, तो आक्रसून काडीसारखा होतो. समाजमाध्यमांवर ज्या बुटांभोवती गोल काढून आरोप होतात, त्यांची लांबी ही लांबी नसतेच. तो टेकून राहण्याचा काळ असतो.

मागची पार्श्वभूमी पांढरी का असते, तेही यातून कळतं. कॅमेऱ्याला दिसते ती ५ सेंटिमीटर रुंदीची पांढरी अंतिम रेषा. ती हलत नाही, म्हणून हजारो स्तंभांत पांढराच रंग उमटत राहतो. लेनच्या रेषा जिथे अंतिम रेषेला मिळतात तिथे काळे ठिपके रंगवलेले असतात. कडेच्या अलीकडे मुळीच नाही आणि पलीकडे २ सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही. तेही स्थिर असल्यानं चित्रभर काळ्या आडव्या रेघा होतात आणि कोण कोणत्या लेनमध्ये ते त्यांवरून ठरतं. शर्यतीआधी कॅमेरा जुळवायलाही हेच ठिपके कामी येतात. आणि जुळवणी हा पोरखेळ नाही. आठ लेनची रुंदी ९.७६ मीटर. कॅमेऱ्याची नजर रेषेपासून एका अंशाच्या दहाव्या भागानं जरी तिरकी झाली, तरी पहिल्या आणि आठव्या लेनमध्ये १.७ सेंटिमीटरचा फरक पडतो, म्हणजे दीड मिलिसेकंद. बार्सिलोनासारख्या निकालात तेवढ्यावर पदकाची अदलाबदल होऊ शकते.

दुसरी डोकेदुखी प्रकाशाची. सेकंदाला १०,००० स्तंभ घ्यायचे तर एका स्तंभाला सेकंदाच्या दहाहजाराव्या भागाहून जास्त उजेड मिळतच नाही, त्यामुळे रात्रीच्या सत्रात चित्र अंधारं आणि दाणेदार होतं. त्यातच ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्यावरचे जुने दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवतं: २,००० च्या वेगाला दर २० स्तंभांमागे एक काळसर उभा पट्टा. छातीची कड नेमकी त्या पट्ट्यात आली की वाचणाऱ्याची पंचाईत. म्हणून शेजारशेजारचे दिवे विजेच्या वेगवेगळ्या फेजवर जोडतात किंवा न लुकलुकणारे दिवे वापरतात.

चित्र तयार झाल्यावरही निकाल माणसालाच वाचावा लागतो. पडद्यावर एक बारीक उभी रेघ सरकवून ती धडाच्या सर्वांत पुढच्या कडेला टेकवायची, खाली वेळ दिसते. डोकं, मान, हात, पाय, पंजे, काहीही धरायचं नाही. धडच का? दर पावलाला पाय पुढे-मागे होतो आणि एक पाऊल दोन मीटरच्या वर असतं. रेषेवर नेमका कोणता पाय पुढे असेल हा योगायोग. हातांचंही तसंच. धड तेवढं बऱ्यापैकी सलग पुढे जातं, तेव्हा मोजायला तेच योग्य.

पण धड संपतं कुठे आणि दंड सुरू होतो कुठे? खांद्याच्या गोलाईवर ही सीमा डोळ्यांनीच ठरवावी लागते. त्यात शेजारच्या लेनमधला हात आडवा आला की कड झाकली जाते, म्हणून मोठ्या स्पर्धांत ट्रॅकच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा असतो. तरीही अडतं. २०१२च्या अमेरिकन ऑलिंपिक निवड चाचणीत महिलांच्या १०० मीटरमध्ये तिसऱ्या जागेसाठी आधी जेनेबा टारमोह एका मिलिसेकंदानं पुढे ठरली. मग चित्र पुन्हा वाचलं गेलं आणि तिची व अ‍ॅलिसन फेलिक्सची वेळ ११.०६८ अशी सारखी धरण्यात आली. कॅमेरा अचूक होता, पण खांदा हाताआड गेला होता.

घड्याळाचं दुसरं टोक स्टार्टरच्या पिस्तुलात. पिस्तूल आणि घड्याळ विजेनं जोडलेली असतात आणि सत्र सुरू होण्याआधी शून्य-चाचणी होते: पिस्तूल कॅमेऱ्यासमोर झाडायचं आणि चित्रातल्या ठिणगीची वेळ शून्यापासून एका मिलिसेकंदाच्या आत आहे ना, ते बघायचं. धावपटू ज्यावर पाय रोवून सुटतो त्या प्रत्येक ब्लॉकमागे ध्वनिवर्धक असतो, तो शोभेसाठी नाही. पहिल्या लेनच्या बाजूला उभं राहून नुसतं पिस्तूल झाडलं, तर आठव्या लेनपर्यंत साडेआठ मीटर जायला आवाजाला २५ मिलिसेकंद लागतील. बार्सिलोनातल्या चौघांमधल्या जास्तीत जास्त फरकाच्या जवळजवळ तिप्पट.

आपल्याकडे शालेय आणि तालुका पातळीवर आजही स्टॉपवॉच चालतं, आणि तिथली सर्वांत मोठी चूक म्हणजे आवाज ऐकून बटण दाबणं. १०० मीटरवरून आवाज यायला ०.२९ सेकंद लागतात, तेवढी वेळ फुकटात कमी लागते. बघायचं ते पिस्तुलाच्या धुराकडे किंवा ठिणगीकडे. घड्याळात ११.०१ दिसलं तर हातवेळ ११.१ लिहायची, ११.० नव्हे. तिघांची घड्याळं वेगवेगळी आली तर मधली वेळ, दोघांची जुळली तर ती. एवढं पाळूनही हातवेळ कमीच भरते, कारण सुरुवातीला बोट उशिरा दाबलं जातं आणि शेवटी माणूस रेषेवर येताना दिसत असल्यानं वेळेवर. १०० मीटरसाठी हा फरक ०.२४ सेकंद धरतात. ‘आमच्या पोरानं १०.५ काढली’ अशी बातमी वाचली की आधी घड्याळ कोणतं ते विचारावं.

पी. टी. उषाचं १९८४चं कांस्य ‘सेकंदाच्या शंभराव्या भागानं’ हुकलं, हे आपण चाळीस वर्षं म्हणत आलो. रोमानियाची क्रिस्तियाना कोजोकारू ५५.४१, उषा ५५.४२. वर सांगितलेला पूर्णांकनाचा नियम लावला, तर नुसत्या या आकड्यांवरून खरा फरक १ ते १९ मिलिसेकंद यांतला कितीही असू शकतो. ४०० मीटर अडथळ्यांच्या शेवटाला वेग सेकंदाला ७ मीटर धरला, तर ७ मिलिमीटर ते १३ सेंटिमीटर. फरक नेमका ‘शंभरावा भाग’च होता, असं त्यावरून म्हणता येत नाही.

पुण्याच्या बालेवाडीत जुलै २०१३ मध्ये झालेल्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत चीनच्या सू बिंगत्याननं १०.१७ मध्ये १०० मीटर जिंकली. जुलै २०२५ मध्ये भारताच्या अनिमेष कुजूरनं ग्रीसमध्ये १०.१८ अशी राष्ट्रीय विक्रमाची वेळ दिली, बार्सिलोनातल्या चौघांचीच. अशी तुलना वाचायला बरी, पण तिला वाऱ्याची जोड हवी. पाठीवर सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त वारा असला तर वेळ विक्रमासाठी धरतच नाहीत.

एवढ्याशा फरकावर पदकं ठरतात म्हटल्यावर त्या फरकाचं कारण विकणारेही येतात. २०१०च्याच सुमारास तोल आणि ताकद वाढवणाऱ्या, होलोग्राम चिकटवलेल्या रबरी कड्यांची खेळाडूंमध्ये साथ आली होती. ऑस्ट्रेलियात विकणाऱ्यांना वर्षअखेरीस कबूल करावं लागलं की दाव्यांना विश्वासार्ह शास्त्रीय पुरावा नाही. दंडातला ताईत निदान स्वस्त असतो. एकाच धावपटूचा ब्लॉकवरचा प्रतिसाद शर्यतीगणिक २० मिलिसेकंदांनी सहज मागेपुढे होतो. नऊ मिलिसेकंदांचं श्रेय कड्याला, बुटाला किंवा लेनच्या आकड्याला देण्यात अर्थ नाही.

पॅरिसला वापरलेला कॅमेरा सेकंदाला ४०,००० स्तंभ टिपू शकत होता. मग दहाहजाराव्या भागापर्यंत का नाही मोजत? कारण ट्रॅक तेवढा अचूक नसतो. एका लेनची लांबी दुसरीपेक्षा एक सेंटिमीटर जास्त असली तरी एक मिलिसेकंद गेलाच. जलतरणात हा धडा १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर घेतला गेला. तिथे ४०० मीटर वैयक्तिक मिश्र शैलीच्या शर्यतीत स्वीडनच्या गुनार लार्सननं अमेरिकेच्या टिम मॅकीला ०.००२ सेकंदानं हरवलं, आणि नंतर लक्षात आलं की तलावाच्या भिंती बांधतानाच लेनमध्ये त्याहून जास्त फरक राहतो. जलतरण शतांशावर परत गेलं. धावण्याच्या शर्यती हजाराव्या भागावर थांबल्या. तिथेही दोघे सारखे आले, तर पदक दोघांनाही देतात. पुढच्या फेरीतल्या शेवटच्या जागेसाठी बरोबरी झाली आणि मोकळी लेन नसली, तर चिठ्ठ्या टाकतात.